अँकी : एमबीबीएसला दीड वर्ष रोज वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

फर्स्ट इयरच्या पोरापोरींचे मेसेज येतात, ताई तू ते कार्डवालं ॲप वापरतेस ना, ते खरंच उपयोगी आहे का, आणि दरवेळी दोन ओळीत उत्तर देऊन माझंच समाधान होत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजला सेकंड इयरला आहे, युनिव्हर्सिटी अर्थातच नाशिकची. दहावीपर्यंत मराठी माध्यम. हे सांगायचं कारण पुढे येईल.

आधी ॲप म्हणजे काय ते. अँकी हा जपानी शब्द आहे, अर्थ पाठांतर. २००६ साली डेमियन एल्म्स नावाच्या माणसाने बनवलं. कार्डच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. प्रश्न बघायचा, मनात उत्तर द्यायचं, मग कार्ड उलटायचं आणि आपल्याला कितपत आलं ते चार बटणांपैकी एक दाबून सांगायचं: अगेन, हार्ड, गुड, इझी. त्यावरून ते कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हे ॲप ठरवतं, म्हणजे एखादं दहा मिनिटांनी, एखादं चार दिवसांनी, एखादं थेट दोन महिन्यांनी. एवढंच आहे, बाकी काही नाही. कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड नावाने फुकट (ते वेगळे लोक बनवतात, व्हॉलंटियर), फक्त आयफोनवर पैसे लागतात, २४.९९ डॉलर, पण एकदाच. आमच्या हॉस्टेलला बहुतेकांकडे अँड्रॉइड आहे त्यामुळे तो प्रश्नच आला नाही. फोन जुना असला तरी चालतं, नेट नसलं तरी चालतं, आणि मेसच्या रांगेत उभं राहून वीस कार्ड होतात.

आता माझी फर्स्ट इयरची गोष्ट सांगते, कारण त्याशिवाय मी याला एवढे स्टार का देतेय ते कळणार नाही. पहिल्या इंटर्नलला ॲनाटॉमीत मला १०० पैकी ३८ होते. आणि मी अभ्यास केला नव्हता असं अजिबात नाही, अप्पर लिंब तीनदा वाचलेलं, चौरसियाच्या ॲनाटॉमीच्या पुस्तकाची पानं पिवळी गुलाबी हिरवी करून ठेवलेली, कुठलं चित्र डावीकडच्या पानावर आहे आणि कुठलं उजवीकडच्या तेसुद्धा माहीत होतं. पण पेपरात ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं जाळं) काढायला सांगितल्यावर रूट्स लिहिल्या सी५ ते टी१, ट्रंक लिहिले, आणि तिथून पुढे हात थांबला. पान डोळ्यासमोर दिसत होतं, त्यावर काय लिहिलंय ते दिसत नव्हतं. मी त्या रात्री घरी फोनसुद्धा केला नाही. बारावीपर्यंत वर्गात पहिली येणारी मुलगी, गावात पेढे वाटलेले, आणि इथे ३८.

नंतर एका सिनियर ताईने माझं पुस्तक बघितलं आणि एकच विचारलं, "हे मिटून कधी काही सांगून बघितलंस का स्वतःला?" नव्हतं बघितलं. एकदाही नाही. मी वाचत होते आणि वाचलेलं पुन्हा वाचताना ओळखीचं वाटत होतं, आणि त्या ओळखीलाच मी येणं समजत होते. यावर एक प्रयोग आहे २००६ चाच, रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा, कॉलेजच्या मुलांवर केलेला. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला, दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तर उलटं, वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आणि मला जे जास्त लागलं ते हे, की आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्या गटालाच जास्त होती. मी ते वाचलं तेव्हा वाटलं हा माझाच किस्सा आहे, पेपरच्या आदल्या रात्री मला सगळं येतंय असंच वाटत होतं की.

खरं तर ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. आमचे आजोबा दिवेलागणीला ओसरीवर बसवून परवचा म्हणून घ्यायचे, आणि नुसतं ओळीने म्हणून चालायचं नाही, मधूनच विचारायचे सतरा नव्वे? आणि एकशे त्रेपन्न लगेच आलं नाही तर सतराचा पाढा पुन्हा उद्या. आलेला पाढा मात्र आठवड्याने विचारायचे, महिन्याने विचारायचे. अँकी हेच करतं, फक्त आजोबांना दोन ते तीसचे पाढे लक्षात ठेवायचे होते आणि हे तीन हजार कार्डांचा हिशोब ठेवतं.

मागचं गणित थोडक्यात सांगते. विसरण्याचा वेग मोजायचं काम हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून छापलं, निरर्थक अक्षरं पाठ करून किती वेळाने किती विसरलो ते मोजायचा. त्याच्या बऱ्याच नंतर पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाकने १९८७ मध्ये एसएम-२ नावाची पद्धत काढली, अँकी कित्येक वर्षं तिच्यावरच आधारलेलं होतं. २०२३ पासून त्यात एफएसआरएस नावाचं नवीन गणित आलंय, ते तुमची स्वतःची जुनी उत्तरं बघून अंदाज बांधतं की हे कार्ड तुम्ही कधी विसरायला येणार. डेक (म्हणजे कार्डांचा गठ्ठा) ऑप्शन्समध्ये जाऊन ते चालू आहे का बघा, नसेल तर चालू करा. त्यात डिझायर्ड रिटेन्शन म्हणून एक आकडा असतो, म्हणजे कार्ड समोर येईल तेव्हा ते आठवण्याची शक्यता किती हवी, तो ९० टक्क्यांवर आहे तिथेच राहू द्या, हावरटपणा करून ९७ केला की रोजची कार्ड इतकी वाढतात की लेक्चरला बसायला वेळ उरणार नाही, आणि थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागतेच.

आता मूळ मुद्द्यावर येते, ज्यासाठी खरं तर मी हे लिहितेय. हे ॲप तुमच्यावर पूर्ण विश्वास ठेवतं. उत्तर बरोबर की चूक ते तपासत नाही, ते तुम्हालाच विचारतं. आणि आपण स्वतःशी किती खोटं बोलतो ते मला या चार बटणांनी शिकवलं. कार्ड येतं, कार्पल टनेलमधून (मनगटातल्या अरुंद बोगद्यातून) काय काय जातं. मी मनात म्हणते मीडियन नर्व्ह आणि टेंडन्स. उलटते, उत्तर असतं मीडियन नर्व्ह, सुपरफिशियालिसचे ४, प्रोफंडसचे ४, आणि फ्लेक्सर पॉलिसिस लाँगसचा १, मिळून ९ टेंडन. आणि बोट आपोआप गुडकडे जातं, कारण हो हो, मला हेच म्हणायचं होतं. नाही. मला हे म्हणायचं नव्हतं, मी टेंडन्स म्हणून थांबले होते. तिथे अगेन दाबायचं असतं.

सगळ्यात जास्त गोंधळ हार्ड बटणाचा आहे आणि हे नीट वाचा कारण माझ्या ओळखीच्या दहापैकी आठजण इथे चुकतात. हार्ड म्हणजे "आठवलं, पण त्रासाने". हार्ड म्हणजे नापास नाही, ॲपच्या हिशोबात ते पासच आहे. आठवलंच नाही आणि तुम्ही हार्ड दाबलंत तर ॲप समजतं हिला येतंय, आणि कार्ड पुढे ढकलतं. एफएसआरएस तर तुमच्या उत्तरांवरूनच शिकतं, त्यामुळे अशी खोटी उत्तरं शंभर दोनशे झाली की त्याचे सगळेच अंदाज बिघडतात, ज्या कार्डांबद्दल तुम्ही खरं बोललात त्यांचेही. विसरलं की अगेन. आपल्याला अगेन दाबताना अपमान वाटतो म्हणून आपण हार्ड दाबतो, बाकी काही कारण नाही.

हे मी दुसऱ्याचं बघून सांगत नाहीये. दिवाळीत आठ दिवस घरी गेले, एकही कार्ड केलं नाही, परत आले तर ६०० च्या वर कार्ड ड्यू, म्हणजे करायची राहिलेली. तो आकडा बघवेना, म्हणून एका संध्याकाळी बसून सटासट गुड गुड गुड करत संपवली, प्रश्न वाचून न वाचून. आकडा शून्य झाला, बरं वाटलं, झोपले. ती कार्ड मग महिना महिना, दोन दोन महिने गायब झाली आणि दुसऱ्या इंटर्नलला जे आलं नाही ते नेमकं त्यांच्यातलंच होतं, फोरामेन ओव्हेलमधून जाणाऱ्या गोष्टी, हीमच्या सिंथेसिसचं रेट लिमिटिंग एन्झाइम, सगळं. चूक सर्वस्वी माझी. मग मी तो दिवस ॲपच्याच कार्ड ब्राउझरमध्ये शोधून काढला आणि ती सगळी कार्ड फर्गेट करून पुन्हा नव्याने सुरू केली, तीन आठवडे गेले त्यात. तेव्हापासून सुट्टीवरून आलं की रोज ८०-१००च करते, बाकीची राहू देते, दहा दिवस लागले तर लागले.

आणि ही सवय फक्त ॲपपुरती राहत नाही, हे मला सांगायचंच आहे. आपल्याकडे जर्नल कसं पूर्ण होतं ते सगळ्यांना माहितीये, सिनियरचं जर्नल येतं आणि रात्रभर उतरवलं जातं, रीडिंगसकट. फर्स्ट इयरला फिजिओलॉजीच्या हिमॅटॉलॉजी प्रॅक्टिकलला आम्ही आरबीसी काउंट (लाल रक्तपेशींची मोजणी) करत होतो, न्यूबॉवर चेंबर ही चौकोन आखलेली काच घेऊन, ८० छोटे चौकोन मोजायचे आणि आकड्याला १०,००० ने गुणायचं. माझे ३१० आले, म्हणजे ३१ लाख, आणि टेबलवर बाकी सगळ्यांचे व्यवस्थित ४५-५० लाख, त्यातल्या निम्म्यांनी चेंबरमध्ये डोकावलंही नव्हतं. मला मोह झाला खोडून ४६ लिहायचा. नाही लिहिलं, मॅडमकडे गेले आणि सांगितलं माझा काउंट इतका कमी आलाय. मॅडम चिडतील वाटलं होतं पण त्या माझ्यासोबत टेबलपाशी आल्या, पुन्हा करून दाखवायला लावलं, आणि कळलं की मी पिपेटमध्ये रक्त ०.५ च्या खुणेच्या खालीच थांबवत होते, म्हणजे रक्त कमी, डायल्युशन २०० पटीपेक्षा जास्त आणि काउंट कमी. त्या दिवशी रात्री मी कार्ड बनवलं, पिपेटमध्ये रक्त ०.५ च्या खाली राहिलं तर काउंटचं काय होईल आणि का. ते कार्ड मला आजपर्यंत एकदाही चुकलेलं नाही. आणि फायनलच्या व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी जवळजवळ हाच प्रश्न विचारला. उतरवलेल्या जर्नलमधून हे कधीच मिळालं नसतं.

कार्ड कशी बनवायची यावर बरंच सांगता येईल. पहिली गोष्ट, एका कार्डवर एकच गोष्ट. मी सुरुवातीला अख्खा पॅराग्राफ चिकटवायचे, मग उत्तर अर्धं यायचं आणि अर्धं नाही, आता गुड दाबायचं की अगेन हाच घोळ. टीबीच्या औषधांचे साइड इफेक्ट्स हे एक कार्ड नाही, ती निदान चार कार्ड आहेत: आयसोनियाझिडने पेरिफेरल न्यूरोपॅथी होते म्हणून बी६ द्यायचं, रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, इथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नर्व्हला त्रास देतं, पायराझिनामाइडने युरिक ॲसिड वाढतं. आणि शक्यतो "का" विचारणारं कार्ड करा. आयसोनियाझिडसोबत बी६ का, हे कार्ड नुसत्या जोडीपेक्षा कितीतरी चांगलं.

दुसरं म्हणजे भाषा. मी मराठी माध्यमाची, पहिले सहा महिने इंग्रजी वाक्य वाचून मान डोलवायचे आणि अर्थ डोक्यात उतरायचाच नाही. मग मी प्रश्न मराठीत लिहायला लागले आणि उत्तरात टर्म इंग्रजी. "खांद्यापासून हात बाजूला उचलायची पहिली १५ डिग्री कोण करतं?" उत्तर सुप्रास्पायनेटस. असा प्रश्न आपल्या भाषेत स्वतःच्या हाताने लिहायला आधी ते समजावं लागतं, समजलं नसेल तर वाक्यच तयार होत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या प्रत्येकाला मी हे करून बघा म्हणेन, लाजू नका, तुमचा डेक दुसरं कोणी बघत नाही.

रेडिमेड डेकचं काय, हा प्रश्न हमखास येतो. नेटवर हजारो कार्डांचे तयार डेक मिळतात, पण मोठे गाजलेले डेक बहुतेक अमेरिकेतल्या परीक्षेसाठी केलेले आहेत, आपल्या पेपरचा रोख वेगळा. मी एक उतरवला होता, चार दिवसांत बंद केला, कारण न वाचलेल्या धड्याची कार्ड पाठ करणं म्हणजे अर्थ न कळता शब्द घोकणं. आणि हल्ली एआयला पीडीएफ देऊन कार्ड करून घेतात, एका मिनिटात दोनशे. मी तेही केलं. तीन-चार कार्डांमध्ये सरळ चुकीची माहिती निघाली, ती मी पुस्तक उघडून बघितलं म्हणून कळली, पण त्याहून मोठं नुकसान हे की यातलं काय महत्त्वाचं, काय विचारायचं, हे ठरवायचं कामच मी केलं नव्हतं, आणि अर्धा अभ्यास तोच असतो. आता मी फक्त माझं लिहिलेलं कार्ड नीट झालंय का एवढं त्याला विचारते.

चित्रांसाठी इमेज ऑक्लुजन आहे, फोटोवर पट्ट्या मारायच्या आणि एकेक पट्टीखाली काय ते ओळखायचं. हिस्टॉलॉजीच्या स्लाइड आणि कवटीची भोकं यासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. एकच काळजी घ्या, तोच तोच फोटो बघून आपल्याला पट्टीची जागा पाठ होते, रचना नाही. म्हणून मी एकाच गोष्टीचे दोन-तीन वेगळे फोटो घालते आणि शेवटी डिसेक्शन हॉलमध्ये जाऊन हात लावून बघतेच, अल्नर नर्व्ह हातात धरून बघितल्यावर जे कळतं ते कुठल्याही स्क्रीनवर कळत नाही.

कमी काय आहे तेही सांगते. दिसायला अगदी साधं आहे आणि सेटिंग्ज इतक्या आहेत की पहिल्या दिवशी माणूस घाबरतो. कुठलीही सेटिंग न बदलता (एफएसआरएस सोडून) पहिला महिना काढा. रोज नवीन कार्ड २० असं आधीच ठरवून दिलेलं असतं, ऐकायला कमी वाटतं पण महिन्याभरात माझी रोजची उजळणी दीडशेच्या आसपास गेली होती, म्हणजे पाऊण ते एक तास. मी आता १५ वर आहे. एखादं कार्ड आठवेळा विसरलात की त्याला लीच असा टॅग लागतो, लीच म्हणजे जळू, आणि नाव अगदी बरोबर आहे, वेळ शोषून घेतात ती कार्ड. त्यांच्याशी झटापट करू नका, पुस्तक उघडून तो भाग पुन्हा समजून घ्या आणि कार्ड मोडून नवीन लिहा. आणि सिंक रोज करा, फोन हरवला तर कोणाला दोष देता येणार नाही.

सगळ्यात मोठी मर्यादा म्हणजे एलएक्यू. लाँग क्वेश्चन अँकीने येत नाही. तुकडे येतात, पण तुकडे जोडून दोन पानांचं उत्तर वेळेत लिहिणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते लिहूनच येतं. कार्डियाक सायकलचा ग्राफ कोऱ्या कागदावर काढता आला पाहिजे, प्रेशरची रेषा कुठे चढते आणि झडप कधी बंद होते हे बोलत बोलत. म्हणून रविवारी मी फोन बाजूला ठेवते, जुने पेपर काढते, घड्याळ लावते आणि दोन एलएक्यू लिहिते, मग मैत्रीण माझं तपासते आणि मी तिचं. आमचा नियम आहे, मैत्री म्हणून अर्धा मार्कसुद्धा जास्त द्यायचा नाही. पहिल्या रविवारी तिने मला १० पैकी ३ दिले होते, राग आला, पण ते तीनच होते.

फर्स्ट इयरच्या फायनलला ॲनाटॉमीत मला ६७ टक्के मिळाले. टॉपर वगैरे नाही, डिस्टिंक्शन नाही. पण ३८ वरून आले आणि आता सेकंडला पॅथॉलॉजी वाचताना जुनी ॲनाटॉमी आठवते, माझ्यासाठी हे मार्कांपेक्षा मोठं आहे, कारण वॉर्डात पेशंटसमोर उभं राहिल्यावर कोणी चार पर्याय देणार नाहीये.

५ पैकी ४.५ स्टार. अर्धा कापला तो सुरुवातीच्या त्या अवघड सेटिंग्जसाठी, कारण गावाकडून आलेला, पहिल्यांदा स्वतःचा लॅपटॉप बघणारा मुलगा त्या पानावरूनच परत फिरतो आणि त्यालाच याची सगळ्यात जास्त गरज असते. असा कोणी तुमच्या हॉस्टेलला असेल तर अर्धा तास बसून त्याला लावून द्या.

आणि ज्यांची इंटर्नल दहा-पंधरा दिवसांवर आलीये आणि आज हे वाचून ॲप टाकायला निघालेत त्यांनी प्लीज थांबा. आता कार्ड बनवत बसाल तर पेपरपर्यंत कार्डच बनवत राहाल. आत्ता एकच करा, जुने पेपर घ्या, एक टॉपिक वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या पानावर जेवढं आठवतं तेवढं लिहा, मग उघडून लाल पेनाने राहिलेलं भरा, आणि दोन दिवसांनी तोच टॉपिक पुन्हा कोऱ्या पानावर. शेवटचा पेपर झाला की त्याच संध्याकाळी अँकी टाका आणि पहिली वीस कार्ड त्या लाल पेनाच्या ओळींची बनवा.